हाक आणि ओ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डमडम येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी यंत्रांची कथा कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु आज आम्ही ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत, त्याचे सारे प्रयोजन माणसाने माणसाला हाक मारावी एवढेच आहे. इंग्रजीत या विद्येला 'पेजिंग' म्हणतात. त्यातील 'पेज' म्हणजे पुस्तकाचे पान नव्हे. मोठ्या हॉटेलांतून पाहुण्याचे नाव पुकारीत फिरणाऱ्या पोऱ्याला 'पेज' म्हणत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. मराठीत मात्र त्यासाठी 'हाक' हा साधा शब्द आहे. आणि आपल्या भाषेने त्या शब्दाला एकटे ठेवलेले नाही. हाकेला 'ओ' द्यावी लागते. आजच्या भाषणाचे सारे सार या दोन शब्दांत सामावलेले आहे.

प्रथम दवंडी आणि हाक यांतील भेद ध्यानात घेऊ. दवंडी सर्वांसाठी असते. गिरणीचा भोंगा, देवळातील घंटा, स्टेशनावरील घोषणा हे सारे दवंडीचेच प्रकार होत. आपले डमडम तर दवंडीचे गावच म्हणावे लागेल. १९२८ साली ग्रामोफोन कंपनीचा कारखाना येथे आला, आणि मुंबईत गायिलेली कितीतरी मराठी गाणी येथे तबकडीवर उमटून पुन्हा महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. एक आवाज लक्षावधी कानांपर्यंत नेण्याची ती किमया. आमचा आजचा विषय तिच्या नेमका उलट आहे. लक्षावधींच्या गर्दीतून एकाच माणसाच्या कानी पडेल आणि शेजाऱ्याची झोपही मोडणार नाही, अशी हाक कशी मारावी?

दूरवरून हाक मारण्याच्या विद्येचा या देशातील आरंभ याच महानगरात झाला. डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली. पुढे या तारेने घरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या मनावर केवढे राज्य केले, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. 'तार आली' एवढे शब्द उच्चारताच घरातील बायामाणसांचे चेहरे उतरत. जुलै २०१३ मध्ये ती सेवा कायमची बंद झाली.

तारेनंतर ट्रंक कॉल आला. टेलिफोन चाळीत एखाद्याच घरी असे. इतरांच्या पत्त्यापुढे शेजाऱ्याचा क्रमांक आणि त्यापुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरे लिहिली जात. 'काका, गावाहून फोन आलाय, लवकर चला!' असे ओरडत जिना चढणारा शेजारचा मुलगा, हाच त्या काळचा पेजर. त्या व्यवस्थेत यंत्र थोडे आणि माणुसकी फार होती. विशेष म्हणजे निरोप पोहोचला की नाही, हे त्या मुलाला डोळ्यांनी दिसत असे.

यंत्राची खरी निकड भासली ती मोठ्या रुग्णालयांना. डॉक्टर कोणत्या मजल्यावर आहेत याचा पत्ता नसे. ध्वनिवर्धकावरून नाव पुकारावे तर चाळीस रोगी दचकून जागे होत. भिंतीवर सांकेतिक दिवे लावावेत तर डॉक्टरांची दृष्टी त्याच क्षणी तिकडे वळेल याची शाश्वती नसे. अल ग्रॉस या अमेरिकी संशोधकाने १९४९ साली पेजरचे पेटंट घेतले. १९५६ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मल्टिटोन कंपनीने आपली यंत्रणा बसविली. इमारतीभोवती तारेचे वेटोळे घालावयाचे, त्यातून संकेत सोडावयाचा, आणि तो ज्याच्यासाठी असेल त्याच डॉक्टरच्या खिशातील डबी वाजावयाची, अशी ती योजना. कारखाना, रुग्णालय वा बंदर यांच्या आवारापुरत्या अशा सेवेला 'ऑन-साइट' म्हणजे जागेवरची सेवा म्हणतात. प्रक्षेपक आपला, डब्या आपल्या. बाहेरच्या टेलिफोनची तार तुटली तरी आतली हाक चालू राहते.

पुढे हाक आवाराबाहेर पडली आणि शहरभर फिरू लागली. तेव्हा प्रश्न आला की लाखो डब्यांपैकी नेमकी एकच कशी वाजावी? ब्रिटिश पोस्ट खात्याच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास 'पॉकसॅग' नावाची सांकेतिक पद्धती तयार झाली. तिची रचना सियालदहहून सुटणाऱ्या लोकलच्या उपमेने सहज उमगते. संदेशांची गाडी आठ डब्यांची असते आणि प्रत्येक पेजरचा डबा त्याच्या क्रमांकावरून कायमचा ठरलेला असतो. पेजर एरवी निजलेला असतो. आपला डबा समोर आला की क्षणभर डोळा उघडतो, आपले नाव नसल्यास पुन्हा निजतो. म्हणूनच एका छोट्याशा सेलवर तो आठवडेच्या आठवडे चाले. क्रमांकासाठी एकवीस अंश असल्यामुळे वीस लाखांहून अधिक वेगवेगळे पत्ते त्यात मावतात. शिवाय प्रत्येक सांकेतिक शब्दातील बत्तीस अंशांपैकी अकरा अंश केवळ चूक ओळखण्यासाठी आणि सुधारण्यासाठी राखून ठेवलेले असतात. अर्थात मजकुराचा तिसरा हिस्सा निव्वळ खबरदारीवर खर्च होतो. तातडीच्या निरोपात ही उधळपट्टी मानू नये.

आपल्या देशात पेजरची सार्वजनिक सेवा १९९५ च्या सुमारास सुरू झाली. निरोप देणाराने केंद्रावर टेलिफोन करावा, तेथील माणसाने तो टंकित करावा आणि मग दोन ओळी कमरेच्या डबीवर उमटाव्यात. बहुधा रोमन लिपीतून उमटलेली ती मराठी वाचणे ही एक करमणूकच असे! पण पेजरचे नशीब याच महानगरात फिरले. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. देशातील तो पहिला मोबाइल कॉल. प्रारंभी मोबाइलचे बोलणे इतके महाग होते, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत, की पेजर काही वर्षे तग धरून राहिला. पुढे दर उतरत गेले, २००३ साली येणारे फोन विनामूल्य झाले, आणि पेजर खिशातून निघून अडगळीत गेला.

परंतु हाकेची विद्या मात्र मेली नाही. आपल्या मोबाइलवर फोन येतो, तेव्हा तो वाजण्यापूर्वी मनोऱ्यांचे जाळे त्या परिसरात त्याच्या नावाने हाक मारते. या क्रियेला आजही 'पेजिंग' असेच म्हणतात. आपला फोनही ठरावीक क्षणी जागा होऊन कानोसा घेतो आणि आपले नाव ऐकताच मनोऱ्याला उत्तर पाठवितो. जुन्या पेजरपाशी जी 'ओ' नव्हती ती येथे आली. पेजर केवळ ऐकत असे, बोलत नसे. त्यामुळे तो बाळगणारा कोठे आहे हे कोणास कळत नसे, हा त्याचा गुण. आणि निरोप पोहोचला की हवेत विरला हेही कळत नसे, हा त्याचा मोठा दोष.

हा दोष असूनही रुग्णालयांनी पेजर सहजासहजी सोडला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २०१९ साली सुमारे एक लक्ष तीस हजार पेजर होते; २०२१ अखेर ते काढून टाकावेत असे सरकारने फर्माविले, तरीही मुदत उलटल्यावर काही ठिकाणी ते हललेले नव्हते. तेथील समुद्रकिनाऱ्यांवर बुडत्यांना वाचविणारे जीवरक्षक नौकांचे स्वयंसेवकही पेजर बाळगीत आले आहेत. कोणी सुतार, कोणी शिक्षक. पेजर वाजला की हातचे काम टाकून धक्क्याकडे धावावयाचे. त्या डबीवर लग्नाच्या शुभेच्छा येत नाहीत, विनोद येत नाहीत. ती वाजते तेव्हा कोणाच्या तरी जिवावर बेतलेले असते, ही खात्री हेच तिचे बळ.

बंधुभगिनींनो, आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आज आपल्या प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे आणि मंडळाचे निरोपही त्यावरच येतात. सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, पुरणपोळीची पाककृती, वाढदिवस, आणि त्या साऱ्यांच्या मधोमध एखादे वाक्य: 'ह्यांच्या छातीत दुखतंय, कोणी येऊ शकेल का?' साधन थोर, पण हाकेची दवंडी झाली! दीडशे जणांनी वाचले आणि दुसरा कोणीतरी गेलाच असेल असे प्रत्येकाने मानले, तर तो निरोप कोणालाच पोहोचला नाही असे समजावे. ज्यांची मुले पुण्यात, बंगळूरला किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत अशी वृद्ध जोडपी आपल्यात आहेत. बंगाली शेजारी जिवाला जीव देणारे आहेत, यात शंका नाही. पण मध्यरात्री घाबऱ्या जिवाला आपल्या भाषेत बोलणारे माणूस जवळ हवे असते.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना अशी की, हाकेसाठी एक स्वतंत्र क्रमांक असावा आणि त्यावर अन्य कोणताही निरोप येऊ नये. दर आठवड्यास तिघांची पाळी लावावी. रुग्णवाहिकेला बोलावणे सर्वांत आधी. त्यानंतर मंडळाच्या क्रमांकावर नाव, पत्ता आणि गरज एवढेच सांगावे. पहिल्याने पाच मिनिटांत 'निघालो' अशी ओ द्यावी. ती न आल्यास हाक आपोआप दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जावी. आणि महिन्यातून एकदा खोटी हाक मारून सारी व्यवस्था तपासावी, कारण न तपासलेली व्यवस्था ऐनवेळी दगा देते. यासाठी नवे यंत्र विकत घेण्याची आवश्यकता नाही. शिस्त तेवढी हवी.

पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, मुलांना मराठीची अक्षरे गिरवावयास लावली. हे सारे एकमेकांना ओळखता यावे म्हणून. ओळखीचे शेवटी सार्थक एवढ्यातच आहे की अपरात्री हाक आली, तर ती कोणाची हे कळावे आणि पाय आपोआप चपलांकडे वळावेत. शतकमहोत्सव पाहणाऱ्या पिढीच्या हाती कोणते यंत्र असेल हे सांगता येत नाही. परंतु परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची हाक येथे कधी रिकामी गेली नाही, असे त्या पिढीला म्हणता यावे, एवढी आमची इच्छा आहे.