बंदुकीवर कोणती दुर्बीण लावू?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण ती वाटचाल बहुतेक खुर्चीत बसूनच झाली, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्याऐवजी आपल्यातल्याच एका मित्राने गेल्या वर्षी मला विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव सांगत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता खाली मान घालून हसतोय.

त्याची शेती मुरबाडच्या बाजूला, जंगलाला लागून. भाताचा दाणा भरत आला की रानडुकरं रात्री शेतात उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. घरात आजोबांपासूनची, परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. त्याने मला लिहिलं, "तू इंजिनीअर आहेस. संध्याकाळच्या अंधारात स्पष्ट दिसेल अशी बंदुकीवर लावायची दुर्बीण सांग. एक जण बारा पट मोठं दाखवणारी घे म्हणतोय. घेऊ का?"

संगणकाच्या इंजिनीअरला मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं कळतं, हा समज आपल्याकडे आहेच. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्याला शाळेतच मिळालं होतं. सरांनी मैदानात बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला होता, आठवतं? भिंग जेवढं मोठं, तेवढं ऊन जास्त गोळा होतं, हे तेव्हाच कळलं होतं.

दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा असतो. अंधारात आपली बाहुली तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. आपल्या वयात साधारण ५ ते ६. झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र काळपट दिसतं, जाड असेल तर जादा उजेड वाया जातो.

आता मित्राची बारा पटीची दुर्बीण घ्या. पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असलं तरी झोत जेमतेम ४.२ चा. तीच सहा पटीवर आणली तर झोत ८ च्या पुढे जातो आणि चित्र उजळतं. म्हणजे अंधार पडत जाईल तशी पट कमी करायची, आणि दुकानात आपण नेमकं उलटं विचारतो. खिशात मावणारी १०×२५ दुपारी झकास असते. तिन्हीसांजेला तिचा झोत अडीच मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ आंधळीच.

पुढची गोष्ट काचेची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. चांगल्या काचेवर पातळ थरांचा लेप असतो, त्याने ही गळती अगदी थोडी उरते. स्वस्त आणि महाग दुर्बिणीतला फरक बराचसा इथे असतो. आणि चष्मेवाल्यांनी, म्हणजे आता आपण जवळजवळ सगळ्यांनीच, डोळा काचेपासून किमान १५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, हे बघूनच दुर्बीण घ्यावी.

एवढं सगळं लिहून मी त्याला म्हटलं, कोणतीही दुर्बीण अंधाराचा उजेड करत नाही. जे आहे ते फक्त मोठं करून दाखवते. शिवाय तुझ्या बंदुकीच्या नळीला आतून आटे नाहीत, छऱ्यांचा मार तीस-चाळीस मीटरचा. एवढ्या जवळच्याला बारा पट कशाला?

दिवाळीच्या आधी मी गावी आले तेव्हा त्याच्या शेतावर गेले. माझ्याकडे दोन दुर्बिणी होत्या, जुनी १०×२५ आणि नवी ८×४२. बंदूक घरात होती. सूर्य मावळून अर्धा तास झाला असेल. लांबच्या बांधावर काहीतरी काळं, बुटकं, हळूहळू सरकणारं दिसलं. मित्र छोट्या दुर्बिणीतून बघत पुटपुटला, "आलं बघ. एकटंच आहे." मीही त्यातूनच बघितलं. मलाही डुक्करच दिसलं. खांदा, वाकलेली पाठ, खाली घातलेलं डोकं, सगळं अगदी तसंच. मग मी मोठी दुर्बीण डोळ्याला लावली. घोंगडीची कड दिसली. मग एक हात. पलीकडच्या पाड्यावरचे एक बाबा ओणवे होऊन बांधाच्या बिळात खेकडे शोधत होते.

आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

त्याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीअखेरीस, पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकाने डुक्कर समजून गोळी झाडली आणि सोबत आलेला माणूस गेला. २०१४ पर्यंत तो आपलाच जिल्हा होता. ही बातमी वाचताना मला तेव्हा वाटलं होतं, माणूस आणि डुक्कर यांत फरक कसा नाही कळला? त्या बांधावर मला त्याचं उत्तर मिळालं. अंधुक उजेडात डोळा अर्धंच बघतो, उरलेलं मन भरून काढतं. आणि आम्ही डुकराचीच वाट बघत होतो.

बंदुकीवर दुर्बीण लावून टेहळणी करायला माझा विरोध आहे तो यासाठीच. तिच्यातून बघायचं म्हणजे ज्याच्याकडे बघायचं त्याच्यावर नळी रोखावी लागते, तो कोण हे कळायच्या आधीच. बघायचं साधन वेगळं हवं आणि ते हातात हवं. ओळख पूर्ण पटली नाही तर तिथेच थांबायचं.

कायद्याचंही सांगते, कारण अजून पुष्कळांना वाटतं की शेत आपलं म्हणजे डुक्कर मारायची मुभा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण रानडुकरालाही आहे. पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे तो आदेश नव्हे. नुकसान झालं तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यायचा, भरपाईची तरतूद आहे.

मित्राने शेवटी बंदुकीवरची दुर्बीण घेतलीच नाही. ८×४२ घेतली आणि एक चांगली बॅटरी. शेजारच्या तिघांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावल्या. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. डुकरं आलीच, कडेचं बरंच भात गेलं, आणि पंचनाम्यासाठी त्याला तीन हेलपाटे पडले. त्याचा राग खरा आहे आणि शहरात राहून त्याला 'निसर्ग जपा' असं सांगायचा मला अधिकार नाही. पण ते बाबा अजून त्याच बांधावर खेकडे धरतात. परवा त्यांनी मित्राच्या घरी डझनभर आणून दिले. त्या संध्याकाळचं त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

सर, तुमचं भिंग कामी आलं.

दोन्ही दुर्बिणी मी आज सोबत आणल्या आहेत. चहा झाला की मैदानात या. दिवस मावळताना आधी छोटीतून आणि मग मोठीतून माहुलीचे सुळके बघा. एकच अट आहे. त्याआधी वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवायचा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. पडद्याकडे एकदा बघितलं की पुन्हा पहिल्यापासून!