बांधावरचं गवत आणि अंगावरची खाज

मैत्रिणींनो, हे आमच्या बचत गटाकडून.

आम्ही बाराजणी, परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या. कुणाचं एक-दोन एकर वावर आहे, कुणी मजुरीनं खुरपायला जाते. आज आपल्याला अ‍ॅलर्जीबद्दल बोलायचं आहे. निसर्गोपचारानं तिचं काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे दोन्ही सांगायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही. जे आम्ही भोगलं आणि नंतर दवाखान्यात विचारून समजून घेतलं, तेच सांगतो. यात आमची एक चूकही आहे. ती लपवणार नाही.

तीन वर्षांमागची गोष्ट. श्रावणात सोयाबीनची खुरपणी चालली होती. आमच्यातल्या एका वहिनीच्या पापण्या सुजल्या. मान, कोपराची घडी, कानामागची जागा लाल झाली. रात्रभर खाज. खाजवून खाजवून पाणी यायला लागलं. कुणी म्हणालं रक्त खराब झालं, कुणी म्हणालं देवीचा कोप आहे. आम्हीच तिला कडुलिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला. उघड्या कातडीवर तो लेप लागला आणि आग आणखी वाढली.

खरं दुःख मात्र पुढेच होतं. हा लागट रोग आहे अशी गावात बोलवा झाली. मुकादमीणबाईनं तिला टोळीतून काढलं. हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावेना. तिच्या हातची भाकरी बाजूला ठेवायला लागले. ऐन हंगामात मजुरी बुडाली आणि वर अपमान.

शेवटी आम्ही चौघी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुमच्या बांधावर गाजर गवत आहे का?"

आता गाजर गवत कुठे नाही? काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा. सेलूपासून गंगाखेडपर्यंत, जिंतूरपासून पालमपर्यंत, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मागे, उकिरड्यावर, सगळीकडे तेच. हे गवत आपल्याकडचं नाही. मूळ अमेरिकेकडचं. आपल्या देशात १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. एका झाडाला हजारो बिया येतात, दहा-दहा, पंधरा-पंधरा हजार. म्हणून ते हटता हटत नाही. त्याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला लागलं की काहीजणांना अ‍ॅलर्जी होते. परागकण नाकात गेले की काहींना शिंका, सर्दी, दमा होतो.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय, ते बाईंनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं. आपल्या शरीरात एक राखणदार आहे. बाहेरचे जंतू आले की तो त्यांच्याशी लढतो. पण कधी कधी हा राखणदार चुकतो. धूळ, पराग, एखादं औषध, शेंगदाणा, असल्या गोष्टीलाही तो चोर समजतो आणि आरडाओरडा करतो. ती सूज, ती खाज, त्या शिंका म्हणजे त्याचा आरडाओरडा. म्हणून हा रोग एकीचा दुसरीला लागत नाही. हे वाक्य आम्ही घरोघर जाऊन सांगितलं. वहिनीच्या घरी बसून, तिच्या हातचा चहा सगळ्यांसमोर प्यालो.

आता निसर्गोपचाराकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात त्याची मोठी परंपरा आहे. १९४६ च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला, आजही तो चालू आहे. खेड्यातल्या गरिबाला माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार यांच्या मदतीनं स्वतःचं आरोग्य सांभाळता यावं, हा त्यामागचा विचार. या विचारातली पहिली गोष्ट अशी की, आधी कारण दूर करा. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे.

पण कारण कळायचं कसं? त्यासाठी आम्ही एक वही घातली. शंभर पानी, साधी. त्रास कधी झाला, अंगाला कुठे झाला, त्या दिवशी आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत कुठे काम केलं, काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, डोक्याला काय लावलं, ते लिहायचं. दोन-तीन दिवस मागं का जायचं? कारण गाजर गवताची खाज त्याच दिवशी उठेल असं नाही, दोन दिवसांनीही उठते. म्हणून बाई सोमवारी बांधावर जाते आणि बुधवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावं.

वहीमुळे आम्हाला बरंच कळलं. एका मावशींना तुरीच्या खळ्यावर शिंका येतात. एकीला चुलीचा धूर लागला की छाती भरते. एका सुनेला सकाळी उठल्या उठल्याच शिंका येतात. तिचं कारण गोधडीत निघालं. जुन्या अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या धुळीची अ‍ॅलर्जी होते. आपल्या आज्या नवरात्राच्या आधी सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धूत आणि कडक उन्हात वाळवत. ती रीत चांगलीच होती. फक्त वर्षातून एकदा धुणं पुरत नाही. पांघरुणं, उशांचे अभ्रे आठ-पंधरा दिवसांनी कढत पाण्यात भिजवून धुवावेत आणि उन्हात वाळवावेत.

मग घरी काय करायचं? रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि तोंडाला रुमाल. घरी आल्यावर लेकराला घेण्याआधी हातपाय, तोंड, मान साबणानं धुवावी. रानातले कपडे वेगळे ठेवावेत. खाज उठली तर नखं लावू नयेत. स्वच्छ सुती कपडा गार पाण्यात भिजवून, पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. कातडी कोरडी पडली असेल, पण फुटलेली नसेल, तर अंघोळीनंतर खोबरेल तेल लावावं. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्यानं नाक धुता येतं, त्यालाच जलनेती म्हणतात. पण ती जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावी. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ पुरे. हापशाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालू नये.

काही गोष्टी टाळायच्या. फुटलेल्या कातडीवर माती, शेण, पाल्याचा लेप नको. जखम चिघळते. दम्याच्या माणसाजवळ धुरी नको. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लेकरांना वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो. निसर्गोपचारात ऊन हे औषध मानतात. पण गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीत ऊन लागलं की त्रास वाढतो, तिथे सावलीच बरी. आणि गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, साखरेचा आजार असलेली बाई किंवा अंगात रक्त कमी असलेली बाई, यांनी कुणाच्या सांगण्यावरून उपास धरू नये. दूध, डाळ, शेंगदाणे अंदाजानं बंद करू नयेत. वही घेऊन डॉक्टरांना विचारावं, मगच सोडावं.

आता आमची चूक. वहिनीला बरं वाटायला लागलं. डॉक्टरांचं मलम होतं, गवतापासून लांब राहणं होतं आणि या पट्ट्याही होत्या. आम्हाला मात्र वाटलं, आपल्या उपायांनीच सगळं झालं. आमच्या गटातली दुसरी एकजण दम्याची. ती रोज पंप ओढायची. एका शिबिरात कुणी तरी तिला सांगितलं, पंपाची सवय लागते, तो सोड, उपास कर, माती लाव, मुळासकट जाईल. तिनं आम्हाला विचारलं आणि आम्हीही मान डोलावली. नवव्या दिवशी मध्यरात्री तिचा नवरा दार वाजवत आला. तिला एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ काळेनिळे पडलेले. १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत आम्ही तिला बसतं धरून ठेवलं होतं. ती वाचली, आज आमच्यातच आहे. पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

मैत्रिणींनो, ज्या गांधीजींचा निसर्गोपचारावर एवढा विश्वास, त्यांनीही १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं. वेळ आली की दवाखाना, यात कमीपणा नाही. चालू असलेलं औषध किंवा पंप आपल्या मनानं बंद करू नका.

ही लक्षणं पाठ करून ठेवा. श्वास घेताना ओढ लागणं, बोलता न येणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, आवाज बसणं. मधमाशी चावल्यावर, इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर, काही खाल्ल्यावर अंगभर गांधी उठून उलट्या होणं, चक्कर येणं. अशा वेळी लेप नाही, काढा नाही, अंगारा नाही. लगेच १०८. चक्कर असेल तर आडवं झोपवून पाय वर करा, दम लागत असेल तर बसवा. ज्या औषधानं त्रास झाला त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा आणि प्रत्येक दवाखान्यात दाखवा.

शेवटचं, गवताचं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट देशभर गाजर गवत निर्मूलन सप्ताह असतो. पाऊस पडून जमीन ओली झाली की, फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ते मुळासकट उपटायचं. जिला अ‍ॅलर्जी आहे तिनं या कामाला जायचं नाही. तिच्या वाटचं आपण करायचं. वाळलेलं गवत पेटवू नका. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी टाका, तरोटा दाटला की गाजर गवत दबतं, आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आहेत, ते पिकांना हात लावत नाहीत. त्यांची चौकशी आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात करा.

मागच्या वर्षी आम्ही शाळेमागचं आणि पाणवठ्याजवळचं गवत काढलं. ते पुन्हा उगवतं, आम्ही पुन्हा काढतो. वहिनी आता खुरपायला येते, तोंडाला रुमाल बांधून, बांधापासून लांबच्या तासाला. ज्या बाईनं तिला टोळीतून काढलं होतं, तीच तिला तो तास राखून ठेवते.

तुमच्या गटातही या महिन्याच्या बैठकीत एक वही घाला. आणि कुणाच्या अंगाला खाज उठली असेल तर तिला बाजूला बसवू नका, जवळ बसवून विचारा.