बिलावरचं नाव



मी इंजिनिअर झाले तेव्हा आई गावभर सांगायची, "पोरगी कॉम्प्युटरवर काम करते." गेल्या वर्षी तिनंच मला माझ्या कामातला एक धडा दिला. तोच आज सांगते.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवले की केंद्राचं अनुदान थेट बँक खात्यात येतं. एक किलोवॅटला 30 हजार रुपये, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्त असेल तर 78 हजार. एका किलोवॅटमधून महिन्याला साधारण शंभर युनिट वीज मिळते. आणि बिरसीत उन्हाची कमतरता नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

पुण्यात बसून एका रविवारी मी आईच्या घरासाठी अर्ज भरला. ग्राहक क्रमांक टाकला तर बाबांचं नाव आलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "बघू नंतर" म्हणत मी पुढचं बटण दाबलं. काही दिवसांनी पॅनेल बसवणारा करारनामा घेऊन घरी आला. म्हणाला, "काकू, बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांची सही लागेल." आई हातात पेन घेऊन तशीच बसून राहिली. रात्री फोनवर एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं ना गं?"

माहीत होतं. "नाव जुळत नाही" हा संदेश नोकरीत मी स्वतः कितीदा लिहिला आहे. तो वाचणारं माणूस कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं.

तो अर्ज सोडला. आधी महावितरणकडे मीटर आईच्या नावावर केलं, मग नवा अर्ज भरला. आज पॅनेल सुरू आहेत, अनुदानही आलं. तिच्या नावाचं पहिलं बिल तिनं जपून ठेवलंय.

त्यानंतर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो अर्ज भरत नाही. अर्जाआधी मराठीत पाच प्रश्न विचारतो: बिल कोणाच्या नावावर? ती व्यक्ती हयात आहे का? पासबुकावर नाव तसंच आहे का? छत स्लॅबचं की कवेलूचं? महिन्याला युनिट किती? मग आधी कोणता कागद करायचा, ते सांगतो. आधार क्रमांक, ओटीपी तो मागत नाही. तुम्हीही कोणाला देऊ नका.

गावात दाखवला तेव्हा बरीच घरं पहिल्याच प्रश्नाला अडली. बिल आजोबांच्या नावावर, आणि वाटण्या होऊन घरं तीन! तिथे माझा प्रोग्राम संपतो. तिथे भावाभावांनी एकत्र बसावं लागतं, आणि समजावणारं कोणी ओळखीचं लागतं.

आपल्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत. सुट्टीत गावी आलात की एक दिवस द्या. सुरुवात आपल्याच घरापासून करू. आज घरी गेल्यावर विजेचं बिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा.