बंद घराचं गणित

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे कोकणातला माणूस नोकरीसाठी तिकडे निघाला. पण गेला तो चाकरमानी म्हणून. गाव सोडलं असं त्यानं कधी म्हटलं नाही. गिरणगावात एकाच गावची मंडळी मिळून खोली घेत, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपत. मनीऑर्डर मात्र न चुकता घरी जाई. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं.

आज पुण्याची, बंगळुरूची, दुबईची नोकरी समोर आली की आपण पगार पाहतो. पाहावाच. गुणांना वाव नाही तिथं अडकून पडणं मला पटत नाही. पण बंद घराचंही गणित मांडा. दोन पावसाळे दार उघडलं नाही तर कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, चिऱ्यांवर शेवाळ चढतं. गणपतीला घर उघडतं, म्हणून ते टिकतं.

आईवडिलांची औषधं कोण आणणार, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, हे निघण्याआधी घरात बसून बोला. आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन जा. महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा.