शाहीर अमर शेख : लढ्यात घडलेला आवाज

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



चामटोलीचा एक विद्यार्थी स्नेहसंमेलनात पोवाडा म्हणणार होता. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, अब्बा म्हणतात, पोवाडे आपल्यात कोण गातं?" मी त्याला एक नाव लिहून दिले : मेहबूब हुसेन पटेल. हेच शाहीर अमर शेख.

त्यांचा जन्म १९१६ चा, बार्शीचा. घरी गरिबी. आई मुनेरबी यांना लोकगीते पुष्कळ येत, तीच मुलाच्या कानी पडली. पुढे गाडीचा क्लीनर, गिरणी कामगार, मग संप आणि तुरुंग. आवाज आईचा, पण तो चढा झाला तो या वाटेने.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पाठोपाठ संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. शंभरावर माणसे गेली. राज्य मिळाले १ मे १९६० ला. इतकी वर्षे रोजच्या सभा, मोर्चे, अटका यांत राहणाऱ्या कवीचे गाणे कसे होईल, याचा विचार करा. समोर हजारोंचा जमाव, पुष्कळांना अक्षरओळखही नाही. तेथे शब्द बोलीतलाच हवा, आणि ध्रुवपद असे हवे की झीलकऱ्यांच्या मागून सारे मैदान ते उचलेल. सकाळी घडलेले संध्याकाळी डफावर यायचे, तर ओळ घासूनपुसून घ्यायला सवड कोठली? म्हणून त्यातले काही निव्वळ प्रचारी आहे, हे मराठीचा शिक्षक म्हणून मी मान्य करतो.

पण विद्यार्थ्यांनो, 'कलश' हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ चा आहे, म्हणजे ऐन लढ्यातला. सभेत गर्जणारा हा माणूस एकट्याने वाचायची कविताही त्याच दिवसांत लिहीत होता. रोजच्या धकाधकीने कवी कोरडा पडतो असे म्हणतात. येथे तसे झाले नाही. घराला मात्र त्याची किंमत मोजावी लागली असणार. जो माणूस गावोगावच्या सभांचा, तो घरच्यांच्या वाट्याला किती येणार? १९६९ मध्ये अपघातात ते गेले, तेव्हा कन्या मलिका लहान होती. तीही पुढे मराठीत नामवंत कवयित्री झाली.

पालकहो, मुनेरबींनी मुलाला गाणे दिले तेव्हा ते आपल्यातले की परक्यांचे, असे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

तो मुलगा आता पोवाडा म्हणणार आहे. अब्बांनी होकार दिला. अडचण डफाची आहे. कोणाच्या माळ्यावर पडून असल्यास सोमवारपर्यंत शाळेत पाठवावा.