बी.टी. कपाशी : जनुकाबरोबर प्रथिनही पाहा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



"पिशवीवर बी.टी. लिहिले आहे, मग बोंडात अळी कशी?" हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात येतो. काही वर्षांपूर्वी एका काकांनी तो मला विचारला. मी त्यांच्या कपाशीचे पान घेऊन पट्टीने तपासले. पट्टीवर रेघ उमटली. "बियाणे चोख आहे काका, काळजी करू नका," असे सांगून मी निघालो. डिसेंबरात त्यांची बरीच बोंडे किडकी निघाली. चूक माझी होती. मी पान तपासले, बोंड फोडून पाहिले नाही.

जनुक म्हणजे प्रथिन कसे तयार करावे याची कृती. अळीला मारते ते प्रथिन. वहीत पुरणपोळीची कृती लिहिलेली असली म्हणून ताटात पोळी पडत नाही. बी.टी. जनुक झाडाच्या सर्व भागांत असते, प्रथिन मात्र सगळीकडे सारखे नसते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्राय १ एसी हे प्रथिन पानांत सर्वाधिक, तर फुलातील बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी आढळले. हिरव्या बोंडअळीसाठी ताज्या वजनाच्या दर ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम ही किमान पातळी त्यांनी ठरविली. पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी प्रमाण त्याखाली गेले.

आता अळीकडे पाहू. गुलाबी बोंडअळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. क्राय १ एसी त्याला चिकटले तर विष लागू पडते. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांवरील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅडहेरिनच्या जनुकाचे ८ बिघडलेले प्रकार सापडले आणि त्या आठांपासून संदेशाच्या एकूण १९ निरनिराळ्या प्रती मिळाल्या. म्हणजे एकाच जनुकाचा मजकूर अळीच्या शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी कापला-जोडला जातो आणि प्रथिन सदोष होते. म्हणूनच जनुकाचा एखादा तुकडा तपासून प्रतिकार किती पसरला हे कळत नाही. जनुक, संदेश आणि प्रथिन ही तिन्ही ताडून पाहावी लागतात. २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली, पण पुढे तिलाही ही अळी सरावली.

आपल्या शेतात प्रयोगशाळा नाही, पण बोंड आहे. पुढील गोष्टी अवश्य करा :

१) पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा.

२) डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा.

३) दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे फोडा. दोन बोंडांत अळी दिसली किंवा सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडले, तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे लगेच उपाय योजा.

४) फरदड घेऊ नका.

पिशवीवरचा शब्द जनुकाबद्दल सांगतो. बोंडातली गोष्ट बोंड फोडल्यावरच कळते. त्या काकांच्या शेतात मी आता गेलो की आधी बोंड फोडतो. आपणही तेच करावे, एवढी विनंती करून मी थांबतो.