मराठीच्या बळावर इंग्रजी





मराठी साहित्य संमेलन भरवणारे गाव अशी बेळगाव सीमाभागात कडोलीची ओळख आहे. त्याच गावात आज इंग्रजीच्या अध्यापनावर शिक्षकांची परिषद भरते आहे आणि ते योग्यच आहे. आपले मूल इंग्रजीत मागे पडेल, या धास्तीने अनेक पालक मराठी शाळेतून त्याचे नाव काढतात. मराठी शाळेतच इंग्रजी उत्तम शिकवले गेले, तर ही धास्ती उरणार नाही. म्हणून आजचा विषय मराठी शाळा टिकवण्याचाही आहे.

आपल्या मागच्या पिढ्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या अभ्यासाने व्याकरण पक्के झाले, वाचन वाढले; पण बोलायची वेळ आली की अनेकांची जीभ अडखळायची. नियम पाठ असणे वेगळे आणि भाषा वापरता येणे वेगळे.

यावर आपल्याच देशात एक मोलाचे काम झाले आहे. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ डॉ. एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास, कडलूर इथल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. जगभर तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे पाठ नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, दिनदर्शिका मुलांपुढे ठेवायची आणि त्यावरचा एखादा प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचे. आधी शिक्षकाने तसाच एक प्रश्न सगळ्या वर्गाबरोबर सोडवायचा, मग मुलांनी आपापला. लक्ष अर्थावर राहिले की भाषा हळूहळू अंगवळणी पडते, ही त्यामागची धारणा.

या पद्धतीला महागडी साधने लागत नाहीत. कडोलीहून बेळगावला जाणाऱ्या बसच्या वेळा, बाजारातले भाजीचे दर, शेतमालाच्या विक्रीची पट्टी, एवढ्यावर पाचवी-सहावीचा उत्तम तास होतो. दुपारी दोनपर्यंत बेळगावात पोहोचायचे तर कोणती बस धरावी, हे मुलाने इंग्रजीत सांगावे. तो चुकेल, चुकू द्यावे. अर्थ कळला नाही, तर शिक्षकाने खुशाल मराठीचा आधार घ्यावा. आपली मुले मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीही ऐकत-बोलत वाढतात. ही त्यांची मोठी पुंजी आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ यानेही बहुभाषिकता हे वर्गातले साधन मानले आहे.

हेच प्रभू १९९० मध्ये आणखी पुढे गेले. सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. आपण शिकवतो ते मुलांपर्यंत कसे पोहोचते, याची शिक्षकाला असलेली जिवंत जाण महत्त्वाची, असे त्यांनी मांडले. ही जाण सहकाऱ्यांशी बोलून, एकमेकांचे तास पाहून वाढते. त्यासाठीच ही परिषद आहे.

माझी आपणाला कळकळीची विनंती आहे: आपल्या वर्गात काय साधले आणि काय फसले, हे इथे मोकळेपणाने मांडा. परत गेल्यावर आठवड्यातला एक तरी तास पाठ्यपुस्तक मिटून मुलांना इंग्रजीत काम करायला द्या. मराठी शाळेतले मूल इंग्रजीत कुठेही कमी पडणार नाही, ही जबाबदारी आपण सर्वांनी मिळून उचलू या.